ओझे, दोर आणि इशारत

कोल्हापूरहून बेळगावास नित्य जाणाऱ्या माणसाला गेल्या काही वर्षांत एका वस्तूची ओळख करून घेतल्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. कागल सुटते, कोगनोळीचा नाका मागे पडतो, आणि यमगर्णीजवळ वेदगंगेचे पात्र ओलांडून निपाणीत शिरेपर्यंत कोठे ना कोठे आकाशात एक लांबलचक लोखंडी हात उभा असतो. खाली रस्त्याचे काम, वर त्या हाताला टांगलेला एखादा काँक्रीटचा ठोकळा, आणि अलीकडे थोपवून धरलेल्या मोटारी नि उसाच्या गाड्या. मी दर शनिवारी निपाणीला व महिन्यातून एकदा बेळगावला शिकवणीसाठी जातो. गाडी थांबली की इतर लोक घड्याळाकडे पाहतात. मी त्या लोखंडी हाताकडे, आणि त्याहूनही अधिक खाली उभ्या असलेल्या इशारतदाराकडे पाहतो. गवयाच्या मुलाला हे वेड कोठून लागले, असे वाचक विचारतील. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिण्यास बसलो आहे.

प्रथम नावाविषयी. आपण सर्रास क्रेन म्हणतो, आणि त्यात वावगे काही नाही. पण मराठीत या यंत्रास 'यारी' असा नेटका शब्द आहे, तो आता कोशांतून आणि पाठ्यपुस्तकांतूनच भेटतो. माझ्या कानाला हा शब्द फार गोड वाटतो. मात्र या यारीत दोस्तीचा अंश किती आणि दग्याचा किती, हे तिला हाताळणाऱ्यावर अवलंबून असते. ते आमच्या एका मंडळाने स्वतःच्या पदराला खार लावून शिकून घेतले.

गोष्ट २०१६ सालच्या मे महिन्यातली. निपाणीहून तवंदी घाटाकडे जाताना आडवाटेला एक जुने देऊळ आहे. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. सभामंडपाच्या दारावरची दगडी तुळई तडकली होती. मंडळाने वर्गणी जमवून काळ्या दगडाची नवी तुळई घडवून घेतली. लांबी १४ फूट, रुंदी २ फूट, जाडीही २ फूट. त्या देवळात दर वर्षी माझी गाण्याची सेवा असते, म्हणून मलाही मंडळावर घेतलेले होते आणि हिशेबाची वही माझ्याकडे होती. दगड बसवायचा कसा, यावर बैठक झाली. घडवणारा गवंडी म्हणाला, दोन टनांचा असेल. कोणीतरी म्हणाले, मग बारा टनी हायड्रा बोलवू, सहापट ताकदीची. दुसऱ्या एका सदस्याने सुचविले होते की बेळगावहून पाय टेकून उभी राहणारी मोठी क्रेन आणावी. पण हायड्राचे भाडे तासावर, तर मोठ्या क्रेनचे आख्ख्या पाळीचे, शिवाय येण्याजाण्याचे वेगळे. मतास टाकले. हायड्राच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होतो. वहीतली शिल्लक मलाच ठाऊक होती ना!

आता त्या बैठकीत आम्ही किती चुका केल्या त्या पाहा. पहिली म्हणजे वजन. १४ गुणिले २ गुणिले २ म्हणजे ५६ घनफूट. आपला सह्याद्रीचा काळा दगड घनफुटाला ८० किलोच्या वर भरतो. म्हणजे तुळई साडेचार टनांच्या वर जाते. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमला असता. पण दगडाभोवती बसलेल्या अकरा प्रौढ माणसांपैकी एकानेही तो मांडला नाही. गवंड्याने नजरेने सांगितले आणि आम्ही कानाने ऐकले.

दुसरी चूक याहून मोठी, आणि ती करणारे आम्ही एकटेच नाही. यारीवर जो आकडा लिहिलेला असतो, बारा टन, चाळीस टन, शंभर टन, ती तिची ताकद खरी, पण कोठली? ओझे अगदी यंत्राच्या पोटाशी, हात आखूड नि उभा, जमीन सपाट नि टणक, अशा वेळची. हात जसजसा लांब जातो तसतशी ती ताकद भराभर घसरते. एखादा गवई साडेतीन सप्तकांचा म्हणून गाजलेला असतो. पण तार सप्तकाच्या पंचमावर तो किती वेळ टिकतो हे पाहायचे असेल तर त्या पंचमावरच ऐकावे लागते. यारीचेही तसेच. ओझ्याचे वजन आणि यंत्राच्या फिरत्या मध्यापासून आकड्यापर्यंतचे आडवे अंतर यांचा गुणाकार हाच तिच्यावरचा खरा भार. चाळीस टनी म्हणून मिरवणारी गाडीवरची क्रेन तीनेक मीटरवर चाळीस टन उचलते. दहा-बारा मीटरवर तीच आठ-दहा टनांवर येते आणि वीस मीटरवर दोन-तीन टनांची धनी राहते. कंपनीगणिक आकडे थोडे बदलतात. म्हणूनच प्रत्येक यारीबरोबर एक कोष्टक असते, चालकाच्या केबिनमध्ये ते लावलेले असते, आणि कोठल्या लांबीवर नि कोठल्या अंतरावर किती, हे त्यातच पाहावे लागते. शिवाय आकड्याचा ठोकळा, साखळदंड, दोर, शिंगाडे, आडवी तुळई या सर्वांचे वजनही ओझ्यात धरायचे. माझे वडील संस्थानी दरबारचे गवई. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. ते म्हणत, आधी गाणाऱ्याची पट्टी विचारा, मग तंबोरा जुळवा. आम्ही आधी तंबोरा भाड्याने आणला.

हायड्रा ही जात आपल्याकडे गावोगाव दिसते. समोर हात, चार चाके, ओझे उचलून तशीच चालू लागणारी. कारखान्याच्या आवारात, वखारीत, लोखंडाच्या दुकानात ती फार कामाची आहे, नव्हे, तिच्यावाचून चालत नाही. पण तिला जमिनीवर टेकायला पाय नसतात. ओझे लोंबकळत ठेवून ती खाचखळग्यांतून चालली की ओझे झुलते, आणि समोर टांगलेल्या ओझ्यामुळे चालकाला पुढचे धड दिसत नाही. तिच्यापुढे चालणारा मदतनीसच पुष्कळदा तिचा बळी ठरतो.

तर त्या सकाळी दगड मालमोटारीवरून आला. हायड्राने तो नाकाशी घेतला तेव्हा फूल खुडावे तसा सहज उचलला. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आवाराच्या भिंतीशी येऊन चालकाने हात भिंतीपलीकडे लांबवायला सुरुवात केली. वास्तविक अशा यंत्रात भार मर्यादेबाहेर गेला की घंटी वाजते. त्या यंत्रातली घंटी, ती सारखी वाजून डोके उठवते म्हणून, तोडून ठेवलेली होती, हे आम्हांला मागाहून कळले. घंटीऐवजी आम्हांला दिसली ती मागची चाके. ती वीतभर जमीन सोडून वर आली होती.

भिंतीच्या आतल्या बाजूस एक मुलगा उभा होता. वय अठरा, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाईचा मुलगा, माझ्याकडे सहा वर्षे तबला शिकत होता. दगड फिरू नये म्हणून त्याने दोराला हात लावून धरले होते. 'धर रे' म्हणून त्याला कोणी सांगितले, हे पुढे कोणीच कबूल केले नाही. मला आठवते, मीच म्हटले असण्याचा संभव आहे. दगड झुकला, भिंतीवर टेकला, दोर दगडाच्या कोरेवर आवळला, आणि त्याच्या उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून गेली. मधल्या बोटाचे टोकही गेले. दाहिन्यावरचा 'ना' ज्या बोटाने वाजतो, तेच बोट.

चालकाने प्रसंगावधान राखून हात आखडता घेतला म्हणून यंत्र उलटले नाही. दगड आवारात आडवा टाकण्यात आला आणि तो तेथेच तीन वर्षे पडून राहिला. मंडळाने मुलाच्या औषधपाण्याचा खर्च केला; त्यापुढचे कोणी काढले नाही.

त्या मुलाने पुढे काय केले असेल? दुसरा कोणी असता तर यंत्राचे तोंड पाहता ना. हा वर्षभराने बेळगावात एका क्रेनवाल्याकडे मदतनीस म्हणून लागला. बेळगाव हे ओतशाळांचे आणि यंत्रशाळांचे गाव. उद्यमबागेत फिरताना छताखाली रुळांवर धावणाऱ्या याऱ्या दिसतात आणि त्यांच्या आकड्याला वितळलेल्या लोखंडाने भरलेली बादली टांगलेली असते. तेथे दोर तुटणे म्हणजे काय, याची कल्पना करवत नाही. त्या मुशीत तो तयार झाला. शनिवारी निपाणीत आला की माझ्याकडे येई. तबला सुटला होता, पण बसण्याची सवय सुटली नव्हती. येथून पुढे जे लिहितो आहे त्यातले बरेचसे त्याने शिकवलेले आहे. गुरुशिष्यांची उलटापालट झाली, एवढेच.

एकदा मी त्याला विचारले, क्रेन उलटते ती बहुधा कशाने? जड ओझ्यानेच ना?

तो म्हणाला, "न्हाय गुरुजी. पायाखालच्या भुईनं. वर समदी बघत्यात, खाली कोन बगतंय?"

आमच्या या सीमाभागातली जमीन एका जातीची नाही, हे ज्यांची शेते आहेत त्यांना सांगावयास नको. निपाणीच्या अंगाला वेदगंगेकाठी काळी, चिकण, तंबाखूला मानवणारी. पाऊस लागला की लोणी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. बेळगावकडे जावे तसा तांबडा जांभा लागतो, आणि त्यालगत भाताची पाणथळ खाचरे. पाय टेकून उभी राहणारी यारी चार पायांवर असली तरी हात एका कोपऱ्याकडे वळला की यंत्राच्या नि ओझ्याच्या एकूण वजनाचा पाऊण हिस्सा त्या एकाच पायावर येऊ शकतो. यंत्र ३८ टनांचे आणि ओझे ५ टनांचे धरा. ४३ टनांचा पाऊण हिस्सा म्हणजे ३२ टन, आणि पायाची लोखंडी चकती असते परातीएवढी. ती काळ्या मातीवर तशीच टेकवणे म्हणजे लोण्यात सुई रोवण्यापैकी होय. म्हणून तिच्याखाली जाड फळ्यांचा किंवा पोलादी पत्र्याचा दीड-दीड मीटरचा पाट घालतात. तेव्हा तोच भार चौरस मीटरला १४ टनांवर उतरतो, आणि खाली चांगला दाबलेला मुरूम असेल तर तो पेलतो. पाय पुरते बाहेर काढलेले हवेत; अर्धे काढून 'चालतंय' म्हणणाऱ्याचे चालत नाही. खड्डा किंवा चर जवळ असेल तर तो जितका खोल, निदान तितके दूर उभे राहावे, असा एक ठोकताळा आहे. आणि बुजवलेली विहीर, संडासाची टाकी, जुने पेव असले काही पोटात आहे का, ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. नकाशात पेव नसते.

दोरांचा विषय मला सर्वांत रमणीय वाटला, कारण ताण हा तर आमच्या धंद्यातलाच विषय. पाण्याने भरलेली बादली दोघांनी उचलून पाहा. जवळजवळ उभे राहिलात तर प्रत्येकाच्या हातावर निम्मे ओझे. आता एकेक पाऊल दूर सरका. बादली तीच, पाणी तेच, पण हात भरून येतात. ओझ्याला दोन बाजूंनी बांधून वर एकाच आकड्यात अडकवलेल्या दोरांचे हेच होते. दोर आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येकावर ओझ्याच्या ५८ टक्के ताण; ४५ अंशांवर ७१ टक्के; आणि ३० अंशांवर आला की प्रत्येक दोरावर पुरेपूर ओझ्याइतका ताण. म्हणजे साडेचार टनांच्या दगडाला दोन दोर लावूनही प्रत्येक दोर साडेचार टनांचाच लागतो. पुष्कळ लोक दोर आखूड पडला म्हणून तो ताणून कसातरी अडकवतात. त्यात त्यांना काटकसर दिसते.

तारेच्या दोराची तुटण्याची ताकद आणि त्याच्यावर टाकायचे ओझे यांत पाचपट अंतर ठेवण्याची रीत आहे. तरीही दगडाच्या धारदार कोरेवर दोर थेट बसला की ती पाचपट कोठल्या कोठे जाते. कोरेवर लाकडाचा तुकडा, गोणपाट, कापलेला टायर काहीतरी घालावे लागते. दोरातल्या तारा तुटून काट्यासारख्या वर आल्या, पीळ उकलला, मध्येच बारीक झाला, गंजून कडक झाला, तर तो दोर मोडीत काढायचा. मोडीत काढायचा म्हणजे तोडूनच टाकायचा, कारण कोपऱ्यात ठेवलेला दोर गरज लागली की पुन्हा बाहेर येतो. मिरजेच्या तंबोऱ्याची तार तुटण्यापूर्वी काही सांगत नाही असे नाही, तिचा आवाज आधी बसतो. तारेचा दोरही सांगतो, पण त्याच्यावर हात फिरवून, तोही जाड हातमोजा घालून, पाहणारा कोणी हवा.

वाऱ्याविषयी आपण फार बेफिकीर असतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारनंतर बेळगावावर वळवाचे ढग कसे येतात हे तेथल्या लोकांना ठाऊक आहे. पाच मिनिटांपूर्वी पान हलत नसते आणि एकदम धुळीचा लोट उठतो. दगडासारख्या आटोपशीर ओझ्याला वारा फारसे करीत नाही. पण वखारीच्या छपराची कैची, पत्र्यांचा जुडगा, जाहिरातीचा फलक ही ओझी म्हणजे शिडेच. अमेरिकेत मिलवॉकी येथे १४ जुलै १९९९ रोजी एका क्रीडागाराच्या छताचा साडेचारशे टनांचा तुकडा उचलताना 'बिग ब्लू' नावाने ओळखली जाणारी प्रचंड यारी कोसळली आणि तीन कामगार मेले. यंत्रावरच्या वाऱ्याचा विचार झाला होता. छताच्या तुकड्याने अडवलेल्या वाऱ्याचा झाला नव्हता. मक्केत ११ सप्टेंबर २०१५ रोजी वादळात क्रेन पडून शंभराहून अधिक यात्रेकरू दगावले. तेव्हा ती काहीही उचलत नव्हती. तिचा लांब हात नुसता उभा ठेवलेला होता.

विजेच्या तारांचे निराळे सांगायला नको, तरी सांगतो. चालकाची नजर ओझ्यावर असते, तारेवर नसते. तारांजवळ काम असले तर हेस्कॉमला किंवा महावितरणला आधी कळवून प्रवाह बंद करून घ्यावा, आणि ते झाले नाही तर त्या दिवशी काम करू नये. 'जरा सांभाळून घेतो' या वाक्याने पुष्कळ घरे बसली आहेत.

आणि आता इशारत. आमच्या शिष्याने हा विषय काढला की मी पेटी बंद करून ऐकत असे.

रोममध्ये १५८६ साली सेंट पीटरच्या चौकात इजिप्तचा एक अखंड दगडी स्तंभ उभा करण्यात आला. वजन सुमारे सव्वातीनशे टन. दोमेनिको फोंताना या वास्तुविशारदाने नऊशेच्या आसपास माणसे आणि चाळीसएक राहाट कामास लावले होते. इतक्या लोकांना एकाच क्षणी ओढायला आणि एकाच क्षणी थांबायला कसे सांगायचे? त्याने वाद्यांचा आधार घेतला. तुतारी वाजली की ओढायचे, घंटा झाली की थांबायचे. आणि मधल्या वेळात प्रेक्षकांसह सर्वांनी मुके राहायचे, बोलणाऱ्याला देहदंड, असा पोपचा हुकूम होता. दंडाचे सोडा. पण उचल चालू असताना शांतता हवी आणि आज्ञा एकाच ठिकाणाहून यायला हवी, हे तत्त्व आजही तेच आहे. आमच्या देवळात त्या सकाळी अकराच्या अकरा मंडळी ओरडत होती.

त्यातून हा सीमाभाग. चालक बिहारकडचा, मदतनीस हुक्केरीचा, मुकादम निपाणीचा. कन्नडात 'मेले' म्हणजे वर आणि 'केळगे' म्हणजे खाली. आता मराठी माणसाच्या कानावर दगडाखालून 'मेले, मेले' अशी आरोळी आली तर त्याच्या काळजाचे काय होईल! खलाशांची स्वतःची एक भाषा आहे, ती जहाजांवरून आलेली. ओझे खाली सोडायला 'आरिया', वर घ्यायला 'हबीस', कोणी 'हाफीज'ही म्हणतात. यातला आरिया हा पोर्तुगीज गलबतांवरचा शब्द. आज तो निपाणीच्या तंबाखूच्या शेतात पुलाचे खांब उभे करणाऱ्यांच्या तोंडी आहे. प्रथम ऐकला तेव्हा मला मोरोपंत आठवले. केरळातले मापिळा खलाशी या विद्येत नावाजलेले. १९८८ साली पेरुमण येथे आगगाडीचे डबे अष्टमुडी तलावात पडले, ते काढण्याच्या कामी त्यांना बोलावण्यात आले होते.

पण यंत्राच्या घरघरीत शब्द पोचत नाहीत, म्हणून हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत. कोपरात हात उभा धरून तर्जनी आकाशाकडे करून लहान वर्तुळ काढले की ओझे वर. हात खाली सोडून तर्जनी जमिनीकडे करून वर्तुळ काढले की ओझे खाली. हात आडवा पसरून मूठ मिटून अंगठा वर केला तर ओझे नव्हे, यारीचा हात वर. अंगठा खाली तर तो खाली. तळवा खाली करून पसरलेला हात आडवा हलवला की थांबा. इशारतदार एकच असावा आणि चालकाने त्याचेच ऐकावे. अपवाद एकाच खुणेचा: थांबा. ती कोणीही करावी, शेंगा विकणाऱ्या पोराने केली तरी चालकाने थांबावे. आणि इशारतदार नजरेआड झाला की, खूण येईपर्यंत वाट न पाहता, चालकाने होते तेथे थांबावे.

मी गमतीने म्हटले, ही तर संगतच झाली. तो म्हणाला, संगतीत चुकलं तर सम जाते, गुरुजी. मी गप्प बसलो.

या रस्त्याने जाताना मला सरळांब्याची आठवण होते. ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर तुळया चढवणारे अजस्र यंत्र खाली कोसळले आणि २० माणसे गेली, बहुतेक परप्रांतातून पोटासाठी आलेली. त्याआधी १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणच्या जहाज कारखान्यात नवी यारी पडून ११ जण दगावले. ती तर वापरात येण्यापूर्वीची भारचाचणीच चालली होती. चाचणी घेतानाही खाली माणसे उभी नसावीत, हे त्या दिवशी अकरा घरांनी शिकवले. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमाने दंडक घातला होता की उचलण्याचे प्रत्येक यंत्र, साखळी नि दोर वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून कसून तपासून घ्यावा, सुरक्षित भार त्यावर लिहावा आणि त्यापलीकडे कधीही ओझे घालू नये. कारखान्यांत ते थोडेफार पाळले गेले. देवळे, तालमी, गणेशमंडळे, पुतळा समित्या यांना मात्र असला काही कायदा असतो याची गंधवार्ता नव्हती. आम्हांलाही नव्हती. क्रेन भाड्याने घेताना तपासणीचा दाखला, चालकाचा परवाना आणि कोष्टक दाखवा, असे म्हणण्यास काही पैसे पडत नाहीत.

२०१९ सालच्या फेब्रुवारीत मंडळाने पुन्हा उचल खाल्ली. या वेळी मी बैठकीत दुसऱ्या कोणाला बोलूच दिले नाही, हे नम्रपणे नमूद करतो. बेळगावच्या त्याच क्रेनवाल्याकडे गेलो. त्याने आमच्या शिष्यालाच पाहणीस पाठवले. तो फुटपट्टी आणि एक लांब पहार घेऊन आला. दगड मोजला. आवारात पहार ठोकत फिरला. भिंतीलगतच्या एका जागी पहारेचा नाद बदलला, तो त्याने ऐकला, आणि खरे सांगायचे तर मीही ऐकला. पोकळ. पुजाऱ्याच्या आजीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, तिथं बारव होती, तिच्या सासऱ्याच्या वेळी बुजवली. झाले. जी जागा सर्वांत सोयीची म्हणून आम्ही धरली होती ती रद्द झाली आणि यंत्र तीन मीटर मागे घ्यावे लागले. अंतर नऊ मीटरांवरून बारा मीटरांवर गेले. दगड, ठोकळा, दोर मिळून ओझे पाच टन. चाळीस टनी यंत्राच्या कोष्टकात बारा मीटरवर आठ टन. पाऊण कोष्टकाच्या आत बसते, म्हणाला, आणि वहीत लिहून घेतले.

कामाच्या दिवशी सकाळी सातला आले. मुरूम दाबून पाट घातले, चारही पाय पुरे काढले, यंत्र पाणसळीत घेतले. दगडाच्या चारही कोरांवर टायरचे तुकडे लावले, दोर ६० अंशांच्या वरच राहील इतका लांब घेतला, आणि दगड फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना लांब सुती दोऱ्या बांधून दूर उभ्या राहिलेल्या दोघांच्या हातांत दिल्या. मंडळाला सुतळी बांधून तिच्याबाहेर उभे केले. मग दगड जमिनीपासून वीतभर उचलला आणि तसाच धरून ठेवला. कोणी बोलत नव्हते. तो एकेका पायापाशी जाऊन पाट दबला का ते पाहून आला. चौथ्या पायाशी तो खाली वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग उठला.

इशारत तो डाव्या हाताने करतो. डाव्या हाताची तर्जनी शाबूत आहे.

दगड भिंतीच्या वर गेला, आत वळला, दोन्ही खांबांच्या माथ्यावर आला. तेथून शेवटची चार बोटे खाली यायला दहा मिनिटे लागली. एवढी विलंबित लय मी मैफलीतही क्वचित ऐकली आहे. चुन्याच्या गादीवर तुळई टेकली, दोर सैल पडले, तरी त्याने लगेच सोडू दिले नाहीत. गवंड्याने ओळंबा लावून मान हलवली, तेव्हा आकडा मोकळा झाला.

पाय आवरून गाडी निघाली तेव्हा साडेदहा वाजले होते. तो चहाचा पेला खाली ठेवून माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "गुरुजी, बिल मंडळाच्या नावानं करू, का देवस्थानच्या?"

मंडळाच्या, म्हटले, आणि वही उघडली. आधीच्या पानावर २०१६ च्या मे महिन्याची नोंद माझ्याच अक्षरात होती: हायड्रा, अडीच तास.